फाटकाशी उभी बारकी

आमच्या वहिनीबद्दल लोक दोनच गोष्टी बोलायचे. एक, की घोड्याला तिच्यासारखं शिकवणारी बाई पुन्हा व्हायची नाही. आणि दुसरी, की नवऱ्याला शेवटचं न्यायला सगळे गेले, पण ही बाई फाटकाबाहेर पाऊल टाकेना. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीही खरी आहे, पण ती बोलणाऱ्यांना त्यातलं काडीचं कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

मी तिची नणंद. दादा माझा मोठा भाऊ. तो ट्रक चालवायचा, घोडी न्यायचा-आणायचा. वहिनी तबेल्यात घोड्यांना वळण लावायची आणि मी चंदीची, म्हणजे घोड्यांच्या दाण्याची, कोठी आणि स्वयंपाकघर बघायची. तबेल्याला लागूनच आमच्या दोन खोल्या, मधे एक अरुंद बोळ. घोड्यांतलं मला लीद तेवढी कळते, कारण ती झाडावी लागते. माझं तोंड तिखट आहे हे मला ठाऊक आहे, कुणी वेगळं सांगायला नको. वहिनीचं उलटं. ती आवाज चढवायचीच नाही. घोड्याशी नाही, मालकाशी नाही, माझ्याशी भांडतानासुद्धा नाही. त्यामुळे तिच्याशी भांडण्यात काही मजाच नसायची.

लांबलांबून लोक तिच्याकडे एका खास प्रकारची घोडी आणायचे. सोबत सोडून न जाणारी. तबेल्यात गुणी, पण सोबत्यापासून जरा लांब नेलं की खिंकाळायचं, घामाघूम व्हायचं, दोरी धरणाऱ्याला फरफटत परत आणायचं. वहिनी त्यांना सोबतवेडी म्हणायची. दुसरे लोक असल्या जनावराला चाबकानं सरळ करायला बघत. वहिनी नुसती तोंडावरच्या मोरखीला दोरी बांधून त्याच्याबरोबर चालायची. पाठीवर बसणं वगैरे पुष्कळ नंतर. सोबत्याच्या जवळ असलं की त्याला कामाला लावायची, इकडे वळ, मागे सर, फेऱ्या मार. आणि थोडं लांब नेलं की दोरी सैल सोडून स्वस्थ उभी राहायची. हळूहळू जनावराच्या डोक्यात शिरायचं की आराम तिकडे आहे, राबणं इकडे. घोड्यानं उसासा टाकला, ओठ चाटले, की ती लगेच त्याला परत आणायची. त्यानं ओढ घ्यायच्या आत. "त्याला कळलं पाहिजे वन्सं," ती मला सांगायची, "की ही बाई नेते, पण परतही आणते. एवढं एक कळलं की मग ते कुठंही येतं."

मी नवऱ्याचं घर सोडून या दोघांकडे आले तेव्हा माझ्यावरही तिनं हाच प्रयोग केला असणार. मी तणतणले की ती काही न बोलता बाजूला उभी राहायची, आणि माझा श्वास खाली बसला की चहा पुढे करायची. हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ वर्षं गेली. तोवर मी वळणावर आले होते.

तिचा एक नियम होता. घोड्यासमोर तळवा उभा धरून "थांब" म्हटलं, की ते तिथंच उभं राहायचं. दोरी हातात असो नसो. मग ती कुठंही जाऊ दे, परत येऊन खांद्यावर हात ठेवून "चल" म्हणेपर्यंत घोडं जागचं हलत नसे. आणि हे दुसऱ्या कुणी करायचं नाही. ज्यानं थांबवलं, त्यानंच येऊन मोकळं करायचं. एकदा नालबंदानं गंमत म्हणून एका घोड्याला तिच्या आधी जाऊन "चल" म्हटलं, तर वहिनी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. तो म्हणाला, एवढं काय त्यात. ती म्हणाली, "त्यानं माझ्या शब्दावर पाय रोवलेत. तो शब्द मी राखायचा की तुम्ही?"

बारकी ही वहिनीची सगळ्यात लाडकी. आली तेव्हा पिल्लू होती म्हणून बारकी. नंतर वाढून दारातून आत शिरेना एवढी झाली, पण नाव तेच राहिलं. तिची जोडी मास्तरशी. मास्तर म्हणजे आमचा म्हातारा घोडा, गावातल्या निम्म्या पोरांना त्यानंच पाठीवर बसायला शिकवलं होतं. दोघांच्या ठाणांमधे एकच फळी. बारकी त्या फळीवर मान टाकून झोपायची. खरं म्हणजे घरचीच घोडी सोबतवेडी झाली होती, पण मास्तर कुठं जात नव्हता, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं.

मग मास्तरच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरनं पाहून सांगितलं, इथं भागणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. दादानं ट्रक फाटकाबाहेर लावला. फाटकाची कमान बुटकी, ट्रक आत येत नाही. धुकं होतं. एरवी वहिनी घोड्याबरोबर ट्रकमधे जायची, त्या दिवशी बारकीनं असा आकांत मांडला की तिला मागेच राहावं लागलं. तिनं बारकीला फाटकाशी उभं केलं, गप्प केलं. ट्रक गेला. आणि थोड्या वेळानं कचेरीतला फोन वाजला. वळणावर ट्रक उलटला होता. दादाही गेला, मास्तरही गेला.

वहिनी कचेरीत फोनपाशी जी खाली बसली ती उठेचना. संध्याकाळपर्यंत बारकी फाटकाशी तशीच उभी होती, कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी नालबंदानं दोरीला धरून तिला आत नेलं. दादाला न्यायला मी गेले. वहिनी फाटकापर्यंत आली आणि तिथंच राहिली. मी तिला काही बोलले नाही. मी, जी कुणालाही बोलते. बायका कुजबुजत होत्या त्यांच्याकडे मात्र मी असं बघितलं की त्यांनी आपापले पदर सावरले.

त्यानंतर वहिनी फाटकाबाहेर गेलीच नाही. बाजार मी करायचा, दळण मी आणायचं, औषधं मी. पायाचे तुकडे पडायचे माझ्या. ती दादाचा तपकिरी स्वेटर घालून, बाह्या दुमडून, दिवसभर आत काम करायची.

आणि संध्याकाळ झाली की ते सुरू व्हायचं. दादाची परत यायची वेळ. बारकी खाता खाता तोंड वर काढायची आणि फाटकाकडे कान टवकारायची. मग तिची मान हळूहळू वळायची. फाटक, पाण्याची टाकी, कोठीचं दार, बोळाचं तोंड. माणसाच्या चालीनं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी येऊन थांबायची. दादा रोज असाच यायचा, टाकीवर हात धुऊन, कोठीत डोकावून. बारकीची मान थांबली की वहिनी उठून तिसरा कप मांडायची.

मी असल्या गोष्टी मानत नाही. जनावर आहे, सवयीचं गुलाम, मी स्वतःला समजावलं. पण बोळातून जाताना वहिनी भिंतीला चिकटून उभी राहायची, समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तशी, आणि ते बघून मला भीती वाटायची. भीती वाटली की मला राग येतो. एकदा मी चिडून रिकाम्या दाराकडे बघून म्हटलं, "आलायस तर बूट बाहेर काढ. आत्ताच लादी पुसलीय."

वहिनी हसली नाही. चहा गाळता गाळता म्हणाली, "काढलेत."

मी त्या रात्री दाराबाहेर बघायला गेले नाही. सकाळी गेले. काही नव्हतं.

वर्ष उलटायच्या आत तबेल्याच्या मालकानं जागा विकली. ज्यांची त्यांची घोडी ज्यांनी त्यांनी नेली. उरली बारकी, ती तबेल्याची. मालक तसा वाईट माणूस नाही. त्यानंच खटपट करून दूरच्या एका शाळेत सोय केली. तिथं मुलांना बसायला शिकवायला घोडी हवी होती आणि शिकवणारी बाई हवी होती. राहायला जागाही होती, माझ्यासकट. फक्त बारकीला फाटकाबाहेर काढून ट्रकात चढवायची होती. ती निघाली नाही तर पाडकाम सुरू व्हायच्या आत डॉक्टर येऊन तिला शेवटची सुई देणार, हे मालकानं मान खाली घालून सांगितलं. म्हाताऱ्या होत चाललेल्या, जागेवरून न हलणाऱ्या घोडीला दुसरं कोण घेणार.

आणि बारकी फाटकाबाहेर निघत नव्हती. कमानीखाली यायची आणि उभी. डॉक्टर म्हणाला, गुंगीचं औषध देऊन चढवू. वहिनी म्हणाली, "आणि जागी झाल्यावर ती पुन्हा कुणाच्या हाताला येईल? मी सोबतवेडी घोडी आयुष्यभर सोडवलीत. हिलाही सोडवीन."

तिनं सगळं केलं. मास्तरच्या रिकाम्या ठाणापाशी बारकीला फेऱ्या मारायला लावल्या, फाटकाशी नेऊन विसावा दिला. ठाणातली मास्तरची झूल काढून टाकली, वासानं ओढ लागत असेल म्हणून. मला सांगून फाटकाबाहेर गवताची पेंढी ठेवली. माझ्याकरवी धोब्याचं गाढव आणून बाहेर बांधलं, सोबत दिसली तर येईल म्हणून. गाढवानं गवत खाल्लं, एवढंच झालं. बारकी कमानीखाली यायची, चारी पाय नीट रोवून उभी राहायची आणि एक कान वहिनीकडे लावायची. वहिनी आत, दोरी सैल, वाट बघत. दोघी तास न् तास तशा. बघवायचं नाही.

डॉक्टर यायचा त्याच्या आदल्या दिवशी वहिनीचा धीर सुटला. मी खिडकीतून बघत होते. तिनं दोरीला हिसका दिला. मग दुसरा. बारकीचं डोकं वर उडालं, पण पाय हलले नाहीत. आणि वहिनीनं दोरीचं टोक मारायला उगारलं. वहिनीनं. मी हातातला झारा तसाच घेऊन धावले.

"लाज वाटत नाही?" मी म्हटलं. "काय बिघडवलंय तिनं तुझं? तूच तिला इथं उभं केलंस ना त्या दिवशी? असा हात करून? मी बघत होते की खिडकीतून. गुणी आहे म्हणून उभी आहे. आता तिलाच मारतेस?"

मी आणखीही बोलणार होते, माझं पुष्कळ साठलं होतं. पण वहिनीचा चेहरा बघून मी झारा खाली केला. रक्त उतरलं होतं चेहऱ्यावरचं. ती बारकीच्या पायांकडे बघत होती.

"मी परत आलेच नाही," ती म्हणाली.

फोन वाजला तशी ती धावली होती. बारकीला थांब म्हणून, तळवा दाखवून. त्यानंतर तिनं येऊन मोकळं करायचं राहून गेलं. नालबंदानं दोरीनं आत नेलं ते काही मोकळं करणं नव्हे. म्हणून बारकी फाटकाशी आली की उभी राहायची. तिची ओढ आत नव्हती आणि तिला भीतीही नव्हती. घोडं सोबत्यासाठी अडलं की घाम येतो, डोळे फिरतात, पाय नाचतात. हिचं त्यातलं काही नव्हतं, आणि हे माझ्यापेक्षा शंभरपटीनं वहिनीला ठाऊक होतं. पण जन्मभर जो आजार बरा केला तोच तिला दिसत राहिला. घोडी दिलेला शब्द पाळत होती, आणि शब्द देणारी तिला वेडी समजून इतके दिवस औषध देत होती.

"मारा माझ्या थोबाडीत, वन्सं," वहिनी म्हणाली.

"मग मारीन. आधी तिला सोडव."

"नुसतं चल म्हणून चालायचं नाही. मला परत यावं लागेल."

ती वळली आणि कचेरीकडे चालत गेली. त्या दिवशी धावली होती तीच वाट, टाकीवरून, कोठीवरून. कचेरी रिकामी होती, फोनसुद्धा काढून नेला होता. ती आत गेली. किती वेळ आत होती कुणास ठाऊक, मला तरी फार वाटला. बारकीचे दोन्ही कान मागे वळून कचेरीच्या दाराला लागले होते. मग वहिनी बाहेर आली. रडून आली होती, पण पाय सरळ पडत होते. बारकीपाशी आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कपाळ तिच्या मानेला टेकवलं.

"चुकलं माझं," म्हणाली. "चल."

बारकीनं एवढा मोठा उसासा टाकला की तिच्या बरगड्या खाली बसलेल्या मला दिसल्या. ओठ चाटले. आणि चालायला लागली. कमान, उंबऱ्याचा दगड, बाहेरची खडी. गाढवाकडे बघितलंसुद्धा नाही.

मला हसू यायला लागलं होतं. मी म्हटलं, बघ, आणि आपण झूल काढली. पण माझ्या हसण्याला जोड मिळाली नाही. दोरी ताणली गेली होती. बारकी बाहेर उभी होती, दोरीचं दुसरं टोक वहिनीच्या हातात होतं, आणि वहिनी उंबऱ्याच्या आत होती. चारी बाजूंनी बांधल्यासारखी.

"वहिनी, चल की."

"यांनी मला सांगितलंय थांब म्हणून," ती म्हणाली. "ट्रक सुरू केला तेव्हा मी धावले फाटकापर्यंत, मलाही यायचं म्हणून. तर खिडकीतून हात काढला, असा. माझीच नक्कल. म्हणाले, थांब, परत आणतो मी मास्तरला. मी हसले, वन्सं. आणि उभी राहिले."

मला तेव्हा सगळं दिसलं. बाजार, दळण, बायकांची कुजबुज, तिसरा कप. आणि मला तिचा नियमही आठवला. मी घसा खाकरला. दादाची बहीण आहे मी, आवाज त्याच्यासारखाच जाड. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले.

"तुम्ही नको," वहिनी शांतपणे म्हणाली. "ज्यानं थांबवलं त्यानंच."

"तो यायचा नाही, वहिनी."

बारकीनं मान वळवली. आमच्या दोघींकडे नव्हे. तिची नजर आत गेली, टाकीपाशी थांबली, कोठीच्या दाराशी थांबली, मग रोजच्यासारखी बोळाकडे न जाता सरळ आमच्याकडे यायला लागली. हळूहळू, माणसाच्या चालीनं. ती नजर वहिनीच्या पाठीमागे येऊन थांबली, माणसाच्या उंचीवर. उजेड होता, चांगलं दिसत होतं. मी वहिनीपासून हातभर अंतरावर होते. आणि मी बघितलं, तिच्या उजव्या खांद्यावरचा स्वेटर दबला. जाड लोकर आहे ती, वाऱ्यानं हलत नाही. बोटं रुततात तशी ती आत गेली.

वहिनीनं डोळे मिटले. "आले," म्हणाली. आणि पाऊल उचलून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर ट्रक घेऊन आला. बारकी स्वतःच्या पायांनी वर चढली. वहिनी तिच्याबरोबर मागे बसली. मी म्हटलं, तुम्ही दोघी पुढे व्हा, मी भांडीकुंडी आवरून, किल्ल्या मालकाच्या हातात देऊन मागून येते. वहिनीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. ट्रक वळणावरून सुखरूप गेला.

त्याला आता बरेच दिवस झाले. पाडकाम काही ना काही कारणानं लांबतंय, मालक म्हणतो राहा तोवर. वहिनी मालकाच्या घरी फोन करते, मला फोनवर बोलावून घेते. बारकी तिथं रुळली, मुलं तिच्या शेपटीला रिबिनी बांधतात. संध्याकाळी मान वळवते का, मी विचारलं. नाही, म्हणाली, त्या दिवसापासून एकदाही नाही. आणि मग दर वेळी तोच प्रश्न. "वन्सं, कधी येताय?"

येते, मी म्हणते. आवरतेय.

आवरण्यासारखं आता काही उरलेलं नाही. दोन कप ठेवलेत. संध्याकाळी चहा टाकला की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि फाटकाकडे बघते. मान वळवून दाखवायला आता बारकी नाही, त्यामुळे तो कुठवर आलाय ते मला कळत नाही. मी आपली अंदाजानं बोळात भिंतीला लागून उभी राहते. वहिनीला मोकळं करायला आलास, मी त्याला म्हणते, हातभर अंतरावर मी उभी होते रे दादा. माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस.

पण त्याचं तरी काय चुकलं. मला त्यानं कधी थांब म्हटलंच नव्हतं. त्या दिवशी ट्रक निघाला तेव्हा मी खिडकीत होते, आणि त्यानं हात केला तो वहिनीला केला. मग मला मोकळं करायला तो कशाला येईल, आणि दुसरं कुणी आलं तर म्हणणार तरी काय.

चहा गार झाला की मी तो ओतून टाकते, कप विसळते, आणि उद्यासाठी दोन्ही पालथे घालून ठेवते.